क्लिप कुठून सुरू करायची?

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं होतं, "तू नेमकं काय काम करतेस ते वीस मिनिटांत सांग, पण सगळ्यांना कळेल असं सांग." हे सोपं नाही. माझी आई गेली बावीस वर्षं शेजारपाजारच्यांना "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते आणि त्यात तिचं काही अडलेलं नाही. म्हणून मी आज कॉम्प्युटरवर कमी आणि बेसबॉलवर जास्त बोलणार आहे. मागून हसल्याचा आवाज आला. तीस वर्षांत बाक नवे आले, पण मागच्या बाकांवरची मंडळी तीच आहेत!

सामन्याचं तीन-तीन तासांचं चित्रण असतं. त्यातले लोकांना पाहावेसे वाटतील असे क्षण शोधायचे आणि त्यांचे छोटे तुकडे पाडायचे, हे काम करणारं सॉफ्टवेअर आमची टीम लिहिते. सामना संपायच्या आत तुमच्या मोबाइलवर त्याच्या क्लिप येऊन पडतात ना? त्या कोणीतरी माणूस कात्री घेऊन बसून कापत असेल असं वाटतं. काही ठिकाणी अजून माणूस असतो. पुष्कळ ठिकाणी आता नसतो.

बॉस्टनजवळ मी सात वर्षं होते. तिथे पहिलं काम वाट्याला आलं ते बेसबॉलचं. या कामाला बेसबॉल फार सोयीचा खेळ आहे, कारण तो सारखा थांबतो. तिथल्या एका वर्तमानपत्राने घड्याळ लावून मोजलं, तर तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष खेळ सुमारे अठरा मिनिटांचा निघाला. बाकीचा वेळ टोपी सारखी करणं, थुंकणं, पुढचा चेंडू कसा टाकायचा याच्या खाणाखुणा. कॉम्प्युटरला तुकडा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कळायला असा खेळ बरा. फुटबॉल आमचा जीव खातो.

खेळ कसा असतो ते दोन वाक्यांत सांगते, पी.टी.च्या सरांनी माफ करावं. चेंडू टाकणारा पिचर, मारणारा बॅटर, आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस. चेंडू मारून त्या कोपऱ्यांवरून फिरत परत घरी आलात की एक रन. तीन गडी बाद झाले की डाव समोरच्याकडे, असे दोघांचे नऊ-नऊ डाव, आणि बरोबरी राहिली तर दहावा, अकरावा, निकाल लागेपर्यंत. एवढं पुरे आहे.

आता चित्रणाकडे येते. आज आपल्याला वाटतं की सगळं कुठेतरी साठवलेलं असणारच. तसं नव्हतं. व्हिडिओ टेप आली ती १९५६ च्या सुमारास, आणि ती इतकी महाग होती की कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसून पुन्हा वापरायची, हाच रिवाज होता. मोठमोठ्या अंतिम सामन्यांची चित्रणंही त्यात गेली. १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना घ्या. पिट्सबर्ग पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज, १३ ऑक्टोबर. नवव्या डावात बरोबरी, आणि पिट्सबर्गच्या बिल मॅझेरोस्कीने होम रन मारून सामना १०-९ असा संपवला. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना असा शेवटच्या फटक्यावर, होम रनने संपल्याचं ते एकच उदाहरण आहे. त्याचं संपूर्ण चित्रण कुठेच नाही, असं पन्नास वर्षं सगळे धरून चालले होते.

ते सापडलं एका गायकाच्या घरी, दारूच्या तळघरात! बिंग क्रॉसबी हा तेव्हाचा फार मोठा गायक-नट, आणि पायरेट्स संघात त्याची भागीदारी होती. आपण सामना बघितला तर आपला संघ हरेल, ही त्याची धास्ती. आपल्याकडे अशी माणसं घरोघरी आहेत. आमचे काका भारताची बॅटिंग असली की अंगणात जाऊन उभे राहायचे. क्रॉसबीला अंगण पुरलं नाही, तो पॅरिसला जाऊन बसला. पण जिंकलो तर नंतर बघता यावं म्हणून त्याने टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून सामना उतरवून घेण्याची व्यवस्था केली होती. त्या पद्धतीला किनेस्कोप म्हणतात. पाच रिळं झाली. ती कॅलिफोर्नियातल्या त्याच्या घरी गार, कोरड्या तळघरात डब्यांत पडून राहिली. २००९ च्या डिसेंबरात दुसरंच काही शोधताना ती हाती लागली आणि पुढच्या वर्षी टीव्हीवर दाखवली गेली. गंमत म्हणजे ध्वनिमुद्रणाची टेप रेडिओवर रुजवायला ज्या माणसाने स्वतःचे पैसे घातले, तो हाच क्रॉसबी. थेट कार्यक्रम करायचा त्याला कंटाळा होता.

पण या गोष्टीतला मला आवडणारा भाग वेगळा आहे. ते मैदान पाडून टाकलं, तरी त्याच्या भिंतीचा एक तुकडा पिट्सबर्गमध्ये अजून उभा आहे. दरवर्षी १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमतात, त्या दिवसाचं रेडिओवरचं वर्णन लावतात आणि होम रनच्या क्षणापर्यंत पूर्ण सामना ऐकतात. चित्रण मिळाल्यावरही हे थांबलेलं नाही. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७, आणि मग कपिलचे नाबाद १७५. त्या डावाचं टीव्हीचं चित्रण नाही. तरी या हॉलमधल्या निम्म्या पुरुष मंडळींनी तो डाव "पाहिलेला" आहे. २०२१ मध्ये '८३' सिनेमात तो नव्याने उभा करावा लागला, आणि आता कपिलच्या जागी रणवीर सिंग डोळ्यांसमोर येतो अशी माझ्या भाच्याची तक्रार आहे.

म्हणजे चित्रण नसलं की माणसं गोष्ट सांगतात, आणि ती सांगताना आधीचं, नंतरचं, सगळं येतं. चित्रण असलं की काय होतं, हे आज मला जरा निवांत सांगायचं आहे.

बॉस्टनला रेड सॉक्स नावाचा संघ आहे. तिथे राहायचं तर या संघाचं सुखदुःख घरच्यासारखं धरावं लागतं. १९१८ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्यानंतर थेट २००४ मध्ये. मधली ८६ वर्षं नुसती वाट. त्या वाटेवरची दोन चित्रं सगळ्या अमेरिकेला पाठ आहेत.

पहिलं १९७५ चं. सहावा सामना, बारावा डाव, मध्यरात्र उलटून गेलेली. कार्लटन फिस्कने चेंडू उंच मारला, पण तो सीमेच्या आत राहणार की बाहेर जाणार हे कळेना. फिस्क पहिल्या बेसकडे उड्या मारत निघाला आहे आणि दोन्ही हात हवेत हलवून चेंडूला "आत राहा, आत राहा" असं विनवतो आहे. चेंडू खांबाला लागला. होम रन. तोवरच्या पद्धतीप्रमाणे कॅमेऱ्याने चेंडूमागे जायला हवं होतं. तो कॅमेरा डावीकडच्या भिंतीतल्या धावफलकाच्या खोपच्यात होता. कॅमेरामन लू जेरार्डने नंतर सांगितलं ते असं, की शेजारी एक भलामोठा उंदीर आला होता, त्याच्या धाकाने हलायची सोय नव्हती, म्हणून कॅमेरा फिस्कवरच राहिला. उंदराची गोष्ट किती खरी हे सोडा. त्या रात्रीनंतर खेळाच्या प्रक्षेपणात खेळाडूचा चेहरा चेंडूइतकाच महत्त्वाचा झाला, असं त्या धंद्यातले लोक मानतात. 'गुड विल हंटिंग' सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल: रॉबिन विल्यम्स त्या सामन्याची गोष्ट सांगतो आणि मधूनमधून फिस्कचं हे खरं चित्रण येतं. सामना सोडून एका मुलीला भेटायला गेलो, अशी ती गोष्ट आहे. चित्रणाचा इतका गोड वापर मी दुसरा पाहिलेला नाही. बाय द वे, त्या सामन्यानंतरचा सातवा सामना रेड सॉक्स हरले. ते त्या क्लिपमध्ये नाही, म्हणून कोणाच्या लक्षात नाही.

दुसरं चित्र १९८६ चं. हे मात्र एका माणसाच्या मानेवर बसलं.

२५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, मेट्स विरुद्ध रेड सॉक्स, पुन्हा सहावा सामना. हा जिंकला की ६८ वर्षांची वाट संपणार. फर्स्ट बेसवर रेड सॉक्सचा बिल बकनर उभा आहे. चेंडू जमिनीवरून सरपटत त्याच्याकडे येतो, तो वाकतो, चेंडू हातमोज्याखालून, दोन पायांमधून मागे निघून जातो. मेट्सचा खेळाडू नाचत घरी पोचतो. सामना संपला. क्लिप इथे सुरू होते आणि इथेच संपते, आठ-दहा सेकंदांत. पुढची वीस वर्षं ती किती वेळा दाखवली गेली याची मोजदाद नाही. तो चेंडूसुद्धा १९९२ च्या लिलावात ९३,५०० डॉलरना विकला गेला; चार्ली शीन या नटाने तो घेतला.

ऑफिसमध्ये माझ्या हाती जुन्या सामन्यांची पूर्ण चित्रणं होती, कारण आमच्या प्रोग्रामची चाचणी त्यावर चालायची. तेव्हा मी त्या दहाव्या डावाचं चित्रण सुरुवातीपासून पाहिलं. ते मी तुम्हाला क्रमाने सांगते.

रेड सॉक्स ५-३ ने पुढे. मेट्सचे दोन गडी बाद, बेसवर कोणी नाही. एक गडी उरलाय. धावफलकावर रेड सॉक्सच्या अभिनंदनाचा मजकूर क्षणभर झळकूनसुद्धा गेला. मग एक फटका, दुसरा फटका, तिसरा फटका. ५-४. पिचर बदलला, बॉब स्टॅनली आला. त्याचा एक चेंडू भरकटला, विकेटकीपरसारखा मागे बसणारा जो कॅचर असतो त्याला तो अडवता आला नाही, आणि तिसऱ्या बेसवरचा खेळाडू घरी आला. ५-५. आता इथे थांबा. बकनरकडे अजून चेंडू यायचा आहे, आणि आघाडी गेलेली आहे. त्याने तो चेंडू नीट अडवला असता तरी फार तर डाव पुढे चालू राहिला असता. बॅटर मूकी विल्सन पळण्यात इतका चपळ होता की अडवलेला चेंडूही वेळेत पोचला असता का, यावर आजही वाद घालतात. शिवाय सातवा सामना शिल्लक होता. त्यात रेड सॉक्स आधी ३-० ने पुढे होते आणि ८-५ ने हरले.

आणखी एक. बकनरचे घोटे कामातून गेलेले होते. तो उंच, घोट्याच्या वर येणारे बूट घालून खेळायचा. सामन्याच्या शेवटी त्याच्याऐवजी दुसरा खेळाडू उभा करायचा, असं त्या मोसमात अनेकदा केलं होतं. त्या रात्री मॅनेजरने केलं नाही. हेही क्लिपमध्ये नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, ज्यासाठी हे सगळं सांगितलं. बेसबॉलच्या धावफलकावर तीन रकाने असतात: रन, हिट आणि एरर. एरर म्हणजे चूक. क्षेत्ररक्षकाकडून सोपा चेंडू सुटला की तिथे आकडा चढतो, खेळाडूच्या नावासकट. क्रिकेटच्या धावपत्रकात सुटलेल्या झेलांचा रकाना नाही, हे किती बरं आहे ते मला तिथे जाऊन कळलं. पण बेसबॉलच्या नियमांत पिचरचा भरकटलेला चेंडू "एरर" धरत नाहीत, त्याचं नाव वेगळं आहे, "वाइल्ड पिच". म्हणजे ज्या चेंडूवर आघाडी गेली तो चुकांच्या रकान्यात नाहीच. बकनरचा आहे.

आमचं सॉफ्टवेअर याच नोंदी वाचून शिकतं. त्याला सांगा, "वर्ल्ड सिरीजमधल्या चुका काढ," की ते बकनर आणून ठेवणार, स्टॅनली आणणार नाही. त्यात प्रेक्षकांचा आवाज किती चढला तेही ते मोजतं. बकनरच्या वेळी स्टेडियम फुटायचंच बाकी होतं. आधी जी क्लिप जास्त पाहिली गेली तिच्यासारख्याच पुढे काढायच्या, हेही ते शिकतं. मी हे वीस ओळींच्या कोडमध्ये पाहिलेलं आहे. तिथे कोणाचा आकस नाही, कोणी बकनरला ओळखतसुद्धा नाही. दोन आकडे असतात: क्लिप क्षणाच्या किती सेकंद आधी सुरू करायची आणि किती सेकंद नंतर थांबवायची. आधीचे चार, नंतरचे सहा. बस. छोटी क्लिप जास्त पाहिली जाते, म्हणून ते आकडे वर्षागणिक लहान होत गेले.

त्या माणसाची गोष्ट पुरी करते. हा बावीस मोसम खेळला. २,७१५ हिट्स, म्हणजे फारच थोड्यांना जमलेला आकडा. १९८० मध्ये त्याच्या लीगमधला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज. त्याच १९८६ च्या मोसमात त्याने संघाला १०२ रन मिळवून दिले. तो नसता तर रेड सॉक्स त्या अंतिम फेरीपर्यंत आले असते का? पण बॉस्टनमध्ये त्याला आणि घरच्यांना जे ऐकावं लागलं त्याने तो शेवटी दूर आयडाहोला जाऊन राहिला. आणि एक विचित्र योगायोग: त्या सिरीजच्या थोडे दिवस आधी टीव्हीच्या मुलाखतीत तो सहज बोलून गेला होता की पायांमधून चेंडू जाऊन आपण सामना घालवावा, हे दुःस्वप्न असतं. ती मुलाखतही सापडली, आणि तिचीही क्लिप झाली.

८ एप्रिल २००८ ला दुपारी आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये टीव्ही लावला होता. रेड सॉक्सचा त्या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, आणि मानाचा पहिला चेंडू टाकायला त्यांनी बकनरला बोलावलं होतं. डावीकडच्या भिंतीच्या बाजूने तो एकटा चालत आला. सगळं मैदान उभं राहिलं आणि टाळ्या थांबेनात. तो डोळे पुसत होता. माझ्याशेजारी आमचा एक सीनिअर, पन्नाशीचा, बॉस्टनचाच, ट्रे हातात धरून उभाच होता. जेवण गार झालं. मला तेव्हा बेसबॉल येऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे रडायचं कारण नव्हतं, पण गळ्याशी काहीतरी आलं खरं. पुढे २०११ मध्ये 'कर्ब युअर एन्थुझिॲझम' या विनोदी मालिकेत बकनरने स्वतःचंच काम केलं. त्यात आग लागलेल्या इमारतीतून एक बाळ खाली टाकतात आणि तो ते अचूक झेलतो. मी तो भाग तीनदा पाहिलाय. २०१९ मध्ये तो गेला, तेव्हा बातम्यांत पुन्हा तीच आठ सेकंदं.

बकनर निदान खेळाडू होता. २००३ मध्ये शिकागोच्या मैदानात एका साध्या प्रेक्षकाच्या हाताला चेंडू लागला. आजूबाजूच्या आणखी कितीतरी लोकांनी हात पुढे केले होते. त्यानंतर खेळाडूंनी चुका केल्या, एका डावात आठ रन दिले, सामना गेला, आणि पुढचा, निर्णायक सामनाही गेला. पण टीव्हीवर त्या हाताचा शॉट इतक्यांदा फिरला की त्या तरुणाला बंदोबस्तात मैदानाबाहेर न्यावं लागलं. त्यानंतर तो माणूस कॅमेऱ्यासमोर आलाच नाही. २०१६ मध्ये शिकागोचा संघ अखेर जिंकला तेव्हा त्यांनी त्याला विजेत्यांची अंगठी दिली. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मी घेणार नाही, कारण त्याला तेच हवं आहे.

हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध, असं म्हणाल. तेच १९८६ साल, एप्रिलची १८ तारीख, शारजा. शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार हव्यात. बघा, कोणालाही पुढचं सांगावं लागत नाही! फुलटॉस, मियाँदाद, षटकार. तेव्हा आपण पहिलीत असू, पण हे आपल्याला आठवतं, कारण ते नंतर हजार वेळा दाखवलं. चेतन शर्मा तेव्हा वीस वर्षांचा होता. त्यानंतर दोन महिन्यांत भारताने लॉर्ड्सवर पहिल्यांदा कसोटी जिंकली, त्यात पहिल्या डावात पाच बळी याचेच. आणि पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबर १९८७ ला, आपल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीएवर, वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक त्यानेच घेतली. रदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघांच्याही दांड्या उडवल्या. माझे काका, तेच अंगणात उभे राहणारे, त्या दिवशी भल्या पहाटेच्या एसटीने जाऊन स्टँडमध्ये बसले होते. त्याच सामन्यात गावसकरने वन-डेमधलं आपलं एकमेव शतक ठोकलं, तेव्हा हॅटट्रिक तिथेही जरा मागेच पडली. दीड तासाच्या अंतरावर घडलेलं आपल्याला चटकन आठवत नाही, शारजातलं आठवतं.

आता दोन गोष्टी सांगून थांबते. एक ऑफिसातली. गेल्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं: कॉलेज आणि त्याखालच्या पातळीवरच्या सामन्यांच्या क्लिप आपोआप काढून द्यायच्या, "चुकां"च्या वेगळ्या यादीसकट. त्या खूप पाहिल्या जातात हे खरंच आहे. पण तिथे खेळणारी मुलं सतरा-अठरा वर्षांची. मी आणि टीममधल्या दोघींनी म्हटलं, चुकांची यादी आपोआप बनणार नाही. कोणाला हवी असेल तर त्याने तो पूर्ण डाव उघडावा आणि स्वतः शोधावी. पाच आठवडे वाद चालला. ग्राहकाने निम्मं मान्य केलं. सतरा वर्षांच्या मुलांची यादी बंद झाली, कॉलेजची चालू आहे. मला ते पटलेलं नाही, मी अजून पत्रं लिहिते आहे.

दुसरी गोष्ट आपल्यातली. समितीने मला डिसेंबर १९९५ च्या स्नेहसंमेलनाची व्हीएचएस कॅसेट दिली, संध्याकाळी दाखवायला फिल्म करून दे म्हणून. बुरशी लागली होती, पुण्यात एकाकडून साफ करून घेतली. दोन तास चाळीस मिनिटं निघाली. कॅसेट माझ्या हातात आहे हे कळल्यावर आपल्या ग्रुपवर पंधरा जणांनी एकच मेसेज पाठवला: "तो पगडीचा सीन टाक." कोणता ते सगळ्यांना माहीत आहे. आपल्या नाटकात आपला एक मित्र स्टेजवर येतो, तोंड उघडतो, शब्द फुटत नाही, आणि पगडी घरंगळते. अकरा सेकंद. कोणीतरी टीव्हीवरून मोबाइलने उतरवलेली ती क्लिप दहा वर्षं ग्रुपवर फिरते आहे, मागे हसण्याचा आवाज जोडून. तो मित्र ग्रुपमधून कधीच बाहेर पडला. मागच्या दोन्ही मेळाव्यांना आला नाही.

मी पूर्ण कॅसेट पाहिली. नाटकाच्या आधी आपल्या मराठीच्या बाईंनी माइकवर सूचना दिली आहे: मुख्य काम करणारा मुलगा तापाने आजारी आहे, त्याच्या जागी ऐनवेळी दुसरा विद्यार्थी उभा राहतो आहे, सांभाळून घ्यावं. तो दुसरा म्हणजे हाच. त्याला ते नाटक पाठ होतं, कारण तो प्रॉम्प्टर होता. आणि तो स्टेजवर अडला तेव्हा विंगेत सांगायला कोणीच नव्हतं, कारण सांगणारा स्टेजवर उभा होता! ही गोष्ट माझ्याही डोक्यात तीस वर्षांत आली नव्हती. अकरा सेकंदांनंतर काय होतं? तो पगडी उचलतो, नीट घालतो, आणि पुढची बावीस मिनिटं एक शब्द न चुकता नाटक ओढून नेतो. एका जागी दुसऱ्या एका पात्राचं वाक्य विसरलं, ते त्यानेच हळूच सांगितलेलं ऐकू येतं. ते दुसरं पात्र आज तिसऱ्या रांगेत बसलेलं आहे, नाव मी घेत नाही.

मी त्याला फोन केला. पुष्कळ वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "दाखवायचं तर बाईंच्या अनाउन्समेंटपासून दाखव, नाहीतर राहू दे." येणार का विचारलं, तर म्हणाला, बघतो.

तेव्हा संध्याकाळी साडेसहाला याच हॉलमध्ये नाटक पूर्ण दाखवणार आहोत. एकतीस मिनिटांचं आहे. चहा आधीच घेऊन या, मध्ये उठबस नको. सुरुवातीच्या सूचनेत बाईंचा आवाज फार बारीक आला आहे, त्यामुळे तेवढा वेळ पंखे बंद ठेवावे लागतील.